जन्मदर, भाषा आणि प्रदेश : चिमूर–गडचिरोली वनप्रदेशाच्या संदर्भात एक विवेचन

‘जन्मदर’ हा शब्द आज वृत्तपत्रापासून विधिमंडळापर्यंत सर्वत्र वावरतो. एका प्रांताचा जन्मदर अधिक आणि दुसऱ्याचा उणा असे म्हटले की त्या त्या प्रांतातील लोकांच्या शिक्षणाविषयी, दारिद्र्याविषयी किंवा इच्छेविषयी काही निश्चित कळले, असा समज सहज होतो. वस्तुतः जन्मदर हे एक उत्तर आहे. आणि पुष्कळ वेळा अगदी भिन्न प्रश्नांचे उत्तर एकाच आकड्यात येते. हा आकडा भाषेच्या वाटेने दोनदा जातो. प्रथम, जन्म मोजला जातो तेव्हा कोणीतरी कोणालातरी काही शब्दांत प्रश्न विचारतो. दुसऱ्यांदा, विवाह, बाळंतपण आणि संततिनियमन यांविषयीच्या कल्पना ज्या समूहात पसरतात तो समूह बहुधा एका बोलीचा असतो. या दोन्ही गोष्टींचा विचार चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या, विशेषतः चिमूरच्या आसपासच्या प्रदेशाच्या आधारे करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संज्ञांचा अर्थ

प्रथम दोन संज्ञा वेगळ्या केल्या पाहिजेत. एका वर्षात दर हजार लोकसंख्येमागे जेवढे जिवंत जन्म होतात तो ‘जन्मदर’. एखाद्या वर्षी निरनिराळ्या वयाच्या स्त्रियांना ज्या प्रमाणात मुले झाली, त्याच प्रमाणात एका स्त्रीला तिच्या संपूर्ण जननक्षम वयात मुले होत गेली तर ती किती होतील, हे सांगणारा आकडा म्हणजे ‘एकूण जननदर’. पहिल्यात लोकसंख्येची वयोरचना मिसळलेली असते, दुसऱ्यात ती नसते.

उदाहरणार्थ, प्रत्येकी एक हजार वस्तीची दोन खेडी कल्पावीत. पहिल्यात जननक्षम वयाच्या १८० स्त्रिया आहेत, दुसऱ्यात २६०. दोन्हीकडे अशा दर हजार स्त्रियांमागे वर्षाला ८० जन्म होतात असे धरले, तर पहिल्या खेड्याचा जन्मदर १४.४ आणि दुसऱ्याचा २०.८ येईल. स्त्रियांच्या वर्तनात तिळमात्र फरक नाही. फरक आहे तो कोणत्या खेड्यातून तरुण माणसे बाहेर गेली आणि कोणत्या खेड्यात राहिली याचा.

आपल्या देशातील प्रांतभेद एकूण जननदरानेच पाहणे म्हणून अधिक योग्य ठरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पहिल्या फेरीत (१९९२–९३) भारताचा एकूण जननदर ३.४ होता, पाचव्या फेरीत (२०१९–२१) तो २.० वर आला. याच काळात महाराष्ट्राचा दर सुमारे २.९ वरून १.७ वर उतरला. पहिल्या फेरीत केरळ २.० आणि उत्तर प्रदेश ४.८ असे अंतर होते. पाचव्या फेरीत केरळ १.८, उत्तर प्रदेश २.४ आणि बिहार ३.० असे ते राहिले. एक पिढी दुसरीची जागा भरून काढील यासाठी सामान्यतः २.१ हा दर लागतो. म्हणजे प्रांतांमधील अंतर कमी झाले, पण नाहीसे झाले नाही. आणि उताराला प्रारंभ सर्वत्र एकाच वेळी झाला नाही.

मोजणीतील भाषा

चिमूर आज चंद्रपूर जिल्ह्यात आहे. हा जिल्हा पूर्वी चांदा या नावाने मध्यप्रांतात मोडत असे. १९८२ मध्ये त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा करण्यात आला. मध्यप्रांतात जन्म-मृत्यूची वर्दी देण्याचे काम गावच्या कोतवालाकडे होते. तो आपले पुस्तक घेऊन ठाण्यावर जाई आणि तेथे नोंद उतरवली जाई. आज विदर्भात ‘कोतवाल बुकाची नक्कल’ जातीच्या दाखल्यासाठी शोधली जाते. परंतु मुळात तो जन्मदराचा कच्चा माल होता. जन्म झाला घरात, त्याची भाषा घरची. वर्दी दिली कोतवालाने, आपल्या बोलीत. नोंद झाली कार्यालयीन भाषेत. या तीन पायऱ्यांवर काही गळले नसेल असे मानणे कठीण आहे. जन्मून काही तासांत दगावलेले अर्भक अशा वाटेने गळण्याचा संभव सर्वांत मोठा.

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाने ही व्यवस्था सर्व देशात एका सूत्रात आणली. या अधिनियमाप्रमाणे जन्म जेथे घडला तेथे त्याची नोंद होते. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याचा प्रघात आहे; शिवाय अवघड बाळंतपणासाठी चिमूर तालुक्यातील स्त्रिया ब्रह्मपुरी, चंद्रपूर किंवा नागपूर येथील रुग्णालयांत जातात. साहजिकच खेड्याच्या दफ्तरात जन्म घटतात आणि शहराच्या दफ्तरात वाढतात. मातेचा नेहमीचा राहण्याचा पत्ता लक्षात घेऊन फेरमांडणी केल्यावाचून तालुक्याचा जन्मदर नोंदवहीवरून काढणे म्हणूनच धोक्याचे आहे.

पाहणी करणाऱ्याचा प्रश्न हाही भाषेचाच विषय आहे. ‘तुम्हांला मुले किती?’ या साध्या प्रश्नात ‘मुले’ हा शब्द दुहेरी आहे. ग्रांथिक मराठीत तो सर्व अपत्यांना लागू होतो. बोलीत मात्र त्याचा अर्थ पुष्कळदा ‘मुलगे’ असा घेतला जातो, आणि ‘दोन मुले, एक मुलगी’ असे उत्तर मिळते. प्रश्नकर्त्याने ‘दोन’ ऐकून लेखणी थांबवली की एक अपत्य कागदावरून नाहीसे होते. तसेच ‘झालेली मुले’ आणि ‘असलेली मुले’ यांतील भेद स्पष्ट न केल्यास मृत अपत्ये सांगितली जात नाहीत. २०११ च्या जनगणनेत विवाहित, विधवा व परित्यक्ता स्त्रियांना हयात मुले आणि एकंदर जन्मलेली मुले असे दोन वेगळे प्रश्न विचारले गेले, ते याचसाठी. ‘ऑपरेशन’ या शब्दाचेही तसेच. ग्रामीण मराठीत ‘तिचे ऑपरेशन झाले’ असे नुसते म्हटले तरी ते बहुधा नसबंदीचेच समजले जाते. अन्य शस्त्रक्रियेसाठी विशेषण जोडावे लागते. एका शब्दाचा अर्थ असा आकुंचित व्हावा, ही गेल्या साठ वर्षांतील लोकसंख्या-धोरणाची भाषेवर उमटलेली खूणच होय.

मराठी मातृभाषा असलेल्या स्त्रीच्या बाबतीत ही स्थिती, तर एटापल्ली किंवा भामरागड तालुक्यातील माडिया स्त्रीला परक्या भाषेत प्रश्न विचारला जातो तेव्हा अडचण किती वाढत असेल, याची कल्पना करता येते.

वाढ आणि जन्म

लोकसंख्येची वाढ आणि जन्मदर यांची गल्लत हीही नित्याची आहे. १९९१–२००१ या दशकात गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या २३.३ टक्क्यांनी आणि चंद्रपूरची १६.९ टक्क्यांनी वाढली. पुढील दशकात (२००१–२०११) हे आकडे अनुक्रमे सुमारे १०.६ व ६.४ टक्के झाले, तर राज्याची वाढ १६ टक्के होती. एका दशकात वाढीचा वेग निम्म्याहून खाली आला, ही घटना लक्षणीय खरी. तथापि ती सर्वस्वी जन्म घटल्यामुळे घडली असे म्हणता येत नाही. त्याच दशकात रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची लोकसंख्या प्रत्यक्ष घटली आणि ठाणे जिल्ह्याची ३६ टक्क्यांनी वाढली. कोकणातील माणसे मुंबई-ठाण्याकडे गेली, एवढाच त्याचा बराचसा अर्थ. चिमूर, ब्रह्मपुरी, आरमोरी या भागांतूनही नागपूरकडे कायमचे स्थलांतर होते. याशिवाय मिरची तोडणीसाठी तेलंगणाकडे जाणाऱ्या मजुरांचे हंगामी स्थलांतर वेगळेच. तेव्हा वाढीच्या आकड्यातून आगमन-निर्गमन वजा केल्याशिवाय जननाविषयी अनुमान काढता येत नाही.

कारणे कोठून कोठे पोहोचतात

शिक्षण, उत्पन्न, धर्म, नागरीकरण ही जन्मदराची कारणे म्हणून सांगितली जातात. परंतु शिक्षणाने जन्म थांबत नाही. शिक्षणामुळे विवाह लांबतो, आणि विवाह लांबल्याने जन्म लांबतो. हा मधला दुवा १९५६ मध्ये किंग्जले डेव्हिस आणि ज्युडिथ ब्लेक यांनी स्पष्ट केला. समागम, गर्भधारणा आणि प्रसूती या तीन टप्प्यांवर परिणाम करणारे अकरा घटक त्यांनी मांडले; समाजातील कोणतेही कारण यांपैकी एखाद्या घटकाच्या द्वारेच जननापर्यंत पोहोचू शकते, असा त्यांचा सिद्धान्त. १९७८ मध्ये जॉन बोंगार्ट्स यांनी दाखविले की प्रत्यक्ष फरकाचा फार मोठा भाग चारच घटकांनी उलगडतो : विवाहाचे प्रमाण व वय, संततिनियमन, गर्भपात, आणि प्रसूतीनंतर अंगावर पाजण्यामुळे येणारा अजननकाल. हे चौकट म्हणून स्वीकारले की महाराष्ट्रातील प्रदेशभेद निराळे दिसू लागतात.

विवाहाचे वय घ्यावे. राष्ट्रीय पाहणीच्या पाचव्या फेरीत २० ते २४ वयोगटातील ज्या स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षापूर्वी झाला होता त्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के आढळले. परभणीत ते ४८ टक्के, तर बीडमध्ये ४४ टक्क्यांच्या घरात होते. पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत हे प्रमाण याहून पुष्कळ कमी आहे. असे असूनही राज्याचा एकूण जननदर १.७ इतका खाली आला, याचे रहस्य नसबंदीत आहे. त्याच पाहणीत राज्यातील विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या स्त्रियांची नसबंदी झालेली होती. म्हणजे लवकर विवाह, लागोपाठ दोन-तीन बाळंतपणे आणि पंचविशीच्या आसपास शस्त्रक्रिया हा एक मार्ग. उशिरा विवाह आणि बाळंतपणांत अंतर हा दुसरा. दोन्ही मार्गांच्या शेवटी आकडा एकच येऊ शकतो. पहिल्या मार्गाने जाणाऱ्या स्त्रीच्या शरीरावर, शिक्षणावर आणि आयुष्यावर जो भार पडतो तो मात्र त्या आकड्यात दिसत नाही.

तिसरा मार्ग आणखी वेगळा. काही ठिकाणी जनन कमी असते ते इच्छेने नव्हे, तर रोगाने. गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले. तोपर्यंत शासकीय आरोग्यसेवेच्या दृष्टीने ग्रामीण स्त्री म्हणजे मुख्यतः नसबंदीची ‘केस’ होती. वंध्यत्व, गर्भपात, प्रजननमार्गाचा दाह हे प्रश्न तिच्यापाशी असू शकतात, ही गोष्ट या अभ्यासाने जगापुढे मांडली. हिवताप आणि सिकलसेल यांचा या पट्ट्यातील प्रादुर्भाव लक्षात घेता गर्भ वाया जाण्याची कारणेही येथे कमी नाहीत. ज्या घरात मूल हवे असून होत नाही त्या घराचा हिशेब ‘जन्मदर घटला’ या समाधानकारक वाक्यात मिळवणे हा शास्त्रीय प्रमाद आहेच, पण तो अन्यायही आहे.

बालमृत्यूचा संबंध याच्याशी निगडित आहे. तान्हे मूल दगावले की अंगावर पाजणे थांबते, अजननकाल संपतो आणि पुढील गर्भधारणा लवकर होते. शिवाय गमावलेल्या मुलाची जागा भरून निघावी ही आकांक्षा असते. बंग दांपत्याच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीतील ३९ खेड्यांत गावच्याच प्रशिक्षित स्त्रियांकरवी नवजात अर्भकांची घरोघर काळजी घेण्याचा प्रयोग केला. १९९३–९५ मध्ये दर हजार जन्मांमागे ६२ असलेले नवजात-मृत्यूचे प्रमाण प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी सुमारे २५ वर आले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट ही की, काळजी घेणारी स्त्री त्याच गावची आणि त्याच बोलीची होती.

भाषेची सीमा आणि जननाची सीमा

येथे दुसरा प्रश्न उपस्थित होतो. जननातील बदल भाषेच्या सीमेजवळ अडतो काय? प्रिन्स्टन विद्यापीठात अ‍ॅन्सले कोल यांच्या नेतृत्वाखाली १९६३ पासून युरोपातील जननऱ्हासाचा प्रांतवार अभ्यास झाला. त्यात बेल्जियमविषयी रॉन लेस्थेघे यांनी १९७७ मध्ये दाखविले की फ्रेंचभाषी दक्षिण भागात जनन आधी उतरले आणि फ्लेमिशभाषी उत्तर भागात पुष्कळ नंतर. आर्थिक परिस्थिती सारखी असलेल्या शेजारच्या भागांतही ही रेषा भाषेच्या रेषेला धरून चालली. अर्थात, व्याकरणामुळे मुले कमी किंवा अधिक होत नाहीत. भाषेची सीमा ही बोलण्याची, विवाहसंबंधांची आणि विश्वासाची सीमा असते. लहान कुटुंबाची कल्पना शेजारणीकडून, नणंद-भावजयीकडून, सुईणीकडून येते. ती ज्या बोलीत सांगितली जाते त्या बोलीच्या पलीकडे जायला तिला दुभाषा लागतो.

भारतात याला नातेसंबंधांच्या नियमांची जोड आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये भारतीय आप्तसंबंधांचे भाषिक विभागांना धरून वर्गीकरण केले आणि महाराष्ट्र हा उत्तर व दक्षिण यांच्यामधील संक्रमणाचा प्रदेश असल्याचे दाखविले. तीस वर्षांनी, १९८३ मध्ये, टिम डायसन व मिक मूर यांनी हाच धागा जननापर्यंत नेला. उत्तरेत मुलगी दूरच्या, अनोळखी घरी दिली जाते. दक्षिणेत ती बहुधा मामाच्या किंवा ओळखीच्या घरी जाते. त्यामुळे दक्षिणेतील स्त्रीला आपल्या निर्णयात अधिक वाव राहतो आणि तेथे जनन व बालमृत्यू दोन्ही कमी दिसतात, असा त्यांचा युक्तिवाद होता.

चिमूर–गडचिरोलीचा प्रदेश या दृष्टीने अभ्यासकाला फार मोलाचा आहे. पश्चिमेकडून येणारी वऱ्हाडी-नागपुरी बोली येथे झाडीबोलीला भेटते. पूर्वेस व दक्षिणेस गोंडी व माडिया या द्रविड कुळातील बोली आहेत. सिरोंच्याकडे तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी, तर चामोर्शी व मुलचेरा भागांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची बंगाली ऐकू येते. गोंड समाजात आते-मामे भावंडांचा विवाह संमत आहे. मध्यप्रांतात अशा विवाहाला ‘दूध लौटाना’, म्हणजे घेतलेले दूध परत करणे, असे म्हणत. या पट्ट्यात मुलीचे स्थान तुलनेने बरे असल्याची एक खूण जनगणनेतही सापडते. २०११ मध्ये शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण राज्यात ८९४ आणि बीडमध्ये ८०७ होते. गडचिरोलीत ते ९६१ होते. मुलगाच हवा या हट्टापायी कुटुंब वाढविणे, अथवा मुलीचा गर्भ नाकारणे, या दोन्ही प्रवृत्ती जननाच्या हिशेबात शिरतात. त्या जेथे सौम्य आहेत तेथे दोन मुलींवर थांबणे सोपे जाते.

शासनाचा हात

लोकांच्या कल्पना आपल्या गतीने पसरतात. शासनाचे नियम एका दिवशी लागू होतात. १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. १९७९ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशाने याच्या उलट टोक गाठले : बैगांसारख्या आदिम जमातींची संख्या घटू नये म्हणून त्यांना नसबंदीतून वगळण्याचा आदेश काढला. पुढे छत्तीसगडमध्ये बैगा समाजातील काही व्यक्तींनीच या निर्बंधाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. सक्ती आणि मनाई, दोहोंतही स्त्रीला काय हवे हे विचारलेले नव्हते. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर दोहोंहून अधिक अपत्ये झालेल्या व्यक्तीस ग्रामपंचायतीची निवडणूक लढविण्यास अपात्र ठरविणारी तरतूद आली. जेथे बालमृत्यू अधिक तेथे ‘दोन’ या संख्येचा अर्थ शहरातल्यासारखा नसतो, हा भेद अशा सरसकट नियमात सामावत नाही. महाराष्ट्रात कातकरी व कोलाम यांच्याबरोबर माडिया गोंड ही जमातही विशेष दुर्बल आदिवासी गटात गणली गेली असल्याने, हा प्रश्न भामरागडच्या जंगलात अधिकच नाजूक होतो.

राजकीय परिणामही गंभीर आहे. लोकसभेतील राज्यांच्या जागांची वाटणी १९७१ च्या जनगणनेवर १९७६ मध्ये गोठविण्यात आली. २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने ती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत तशीच ठेवली. हेतू हा की, ज्या राज्यांनी जनन आवरले त्यांना त्याची शिक्षा होऊ नये. राज्याच्या अंतर्गत मात्र मतदारसंघ आखले जातातच. १९६७ पासून असलेला चिमूर लोकसभा मतदारसंघ गेला आणि २००९ च्या निवडणुकीपासून गडचिरोली–चिमूर हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ आला; त्यात आज चंद्रपूर, गडचिरोली आणि गोंदिया अशा तीन जिल्ह्यांचे भाग आहेत. विरळ वस्तीच्या आणि मंद वाढीच्या प्रदेशाचा प्रतिनिधी मैलोगणती पसरलेल्या मुलखाचा प्रतिनिधी होतो. कोणाची मोजणी नीट झाली आणि कोणाची झाली नाही, याचा निकाल येथे लागतो.

उपसंहार

सारांश, राष्ट्राच्या जन्मदरातील चढउतार हा अनेक प्रदेशांतील निरनिराळ्या घडामोडींचा एकत्रित परिणाम असतो, आणि प्रदेशांतील भेद हे संपत्ती वा शिक्षण यांच्या एकट्या मोजपट्टीने उलगडत नाहीत. विवाहाचे वय, अंगावर पाजणे, शस्त्रक्रिया, रोग आणि बालमृत्यू या दुव्यांपैकी कोणता दुवा कोठे हलला हे पाहावे लागते. आणि तो का हलला हे कळण्यासाठी त्या समूहाच्या बोलण्याच्या व सोयरिकीच्या वर्तुळात शिरावे लागते.

नव्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली असून तिची संदर्भतिथी १ मार्च २०२७ ही आहे. मातृभाषेचा प्रश्न आणि स्त्रीला झालेल्या अपत्यांचा प्रश्न हे दोन्ही जनगणनेच्या एकाच पत्रकावर विचारले गेले आहेत. ही दोन उत्तरे चिमूर, एटापल्ली, सिरोंचा, कोरची यांसारख्या तालुक्यांसाठी शेजारी शेजारी मांडून पाहण्याचे काम भाषाशास्त्र आणि लोकसंख्याशास्त्र या दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांनी मिळून हाती घेण्याजोगे आहे. त्याआधीचे काम अधिक साधे आहे : ‘मूल’, ‘लेकरू’, ‘ऑपरेशन’ आणि त्यांचे गोंडी, माडिया, तेलुगू पर्याय प्रत्यक्ष बोलण्यात कोणत्या अर्थाने वापरले जातात, याची तालुकावार यादी करणे. प्रश्न ज्या शब्दांत विचारला गेला ते शब्द उत्तर देणारीला कळले होते, एवढी खात्री झाल्यावरच तिच्या उत्तरातून निघालेल्या दशांशाला काही अर्थ राहील.